बटण्या येतोय

प्रिय ठोंब्या,

पाकिटावर मुद्दाम फक्त तुझं नाव घातलंय. तेव्हा हे पत्र तूच फोडलंस असं धरून चालते. आपली अक्षरं वाचायची सवय मोडली असेल म्हणून अक्षर मोठं काढतेय, दोन ओळींत अंतरही भरपूर ठेवतेय. अडलंस तर थांब, पाणी पी, पुन्हा वाच, पण आईकडून वाचून घेऊ नकोस. ती मध्येच डोळे पुसत बसते आणि मग मजा जाते.

आधी बातमी सांगते, नाहीतर माझंच पोट दुखायला लागेल. बटण्या येतोय! माझ्याबरोबर, माझ्याच विमानाने. तिकिटं निघालीसुद्धा. माझी जागा वर, खिडकीशी. त्याची खाली, सामानाच्या मजल्यावर. तिथे जनावरांसाठी वेगळी ऊबदार जागा असते म्हणे. काल रस्त्याने जाताना मला उगाचच हसू येत होतं. समोरच्या औषधवाल्याने विचारलं, आजी, लॉटरी लागली की काय. मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी लागलंय, आणि त्याला तासभर उभं करून सगळं सांगितलं. बिचारा गिऱ्हाईक सोडून ऐकत होता.

मोठ्या माणसांच्या 'बघू'चा तुला चांगलाच अनुभव आहे, म्हणून आधीच सांगते की हा 'बघू' नव्हे. त्याच्या मानेत चिप बसली, सुया टोचून झाल्या, रक्त परदेशी तपासायला गेलं आणि पास होऊन परत आलं. मी शाळेत कधी झाले नव्हते एवढी पास. आता मध्ये एकच काटा उरलाय. विमानतळावर त्याला पेटीत घालून दार लावणार आणि थोडा वेळ बघत बसणार. शांत राहिला तर घेणार. थयथयाट केला, दार ओरबाडलं, गळा काढला, तर सरळ परत पाठवणार. झोपेचं औषध द्यावं म्हटलं तर डॉक्टरीणबाई ठाम नाही म्हणतात, वर हवेत त्याने श्वास अडकू शकतो. म्हणजे सगळं त्या दारापाशी येऊन थांबलंय. आणि तुझ्या आईला न सांगितलेली गोष्ट तुला सांगते. त्याला परत पाठवलं तर मीही परत येणार. दुकान दुसऱ्याच्या हाती दिलंय, घराच्या किल्ल्या महिनाअखेर द्यायच्या आहेत, कुठे राहीन ते मलाही माहीत नाही. पण त्याला पट्ट्याला धरून कोणाच्या तरी हाती देऊन मी पुढे जाऊन विमानात बसेन, हे व्हायचं नाही.

आता पेटीची गंमत ऐक. कंपनीवाले तिला क्रेट म्हणतात, पण मला पेटीच बरं वाटतं. विकतची पेटी कशाला, आपला सुतारकाका शेजारीच बसलाय, असं म्हणून मी गळ्यातली टेप काढली आणि बटण्याचं माप घेतलं. आयुष्यभर मापं घेतली, त्यात काय अवघड! छाती, कंबर, पाठीची लांबी, मान, सगळं नीट. तोही शहाण्यासारखा उभा राहिला, तू कोटाच्या मापाला कधी राहिला नाहीस इतका. शिवणीत सोडतो तेवढं अर्धं बोट जास्त धरलं आणि आकडे सुतारकाकाला दिले. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, पण माझ्या तोंडाला कोण लागणार? पेटी आली तेव्हा इतकी सुबक की बघत राहावं. बटण्या आत गेला आणि अंगाला बसलेल्या जाकिटासारखी ती त्याला बसली. चुणी नाही, झोळ नाही. फक्त त्याला वळता येईना, बसता येईना आणि मागेही येता येईना. शेवटी सुतारकाकाने मागची फळी काढली तेव्हा स्वारी शेपटीकडून बाहेर आली. नियम असा की जनावराला आत उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. म्हणजे त्याला कपडा नको होता, खोली हवी होती, आणि मी त्याला कोट शिवला. सुतारकाका अजून गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगतो आणि माझ्या दुकानाकडे बोट करतो. दुसरी पेटी ऐसपैस झालीय. पहिलीत मी दोऱ्यांची रिळं ठेवलीत.

तू म्हणशील, हिला या वयात एवढा उत्साह कुठून येतो? मलाही कळत नाही. सकाळी डोळे उघडले की आधी विमान आठवतं. मी कधी बसले नाही ना! इस्त्रीकाकूला विचारलं, कान दुखतात का, तर ती म्हणे तिच्या भाचीला उलटी झाली होती. इस्त्रीकाकू आठवते ना? तूच ठेवलेलं नाव. अजून दुकानात तिचीच इस्त्री सगळ्यांत कडक. दुकान आता तिच्या हाती दिलंय. मला कात्री उचलू देत नाही, म्हणते तुम्ही आता प्रवासी. मी तिच्या पाठीमागे हळूच दोन गुंड्या लावून घेते, तेवढंच.

परवा कपाट आवरताना ती वेताची टोपली सापडली, चिंध्यांची. आठवतंय, एका दुपारी तू त्यात हात घातलास आणि किंचाळलास? मला वाटलं सुई टोचली. मी धावत आले तर चिंध्यांत हे एवढंसं पिवळट पिल्लू गाढ झोपलेलं. मागच्या दाराने कधी शिरलं, कोणी आणून टाकलं, देव जाणे. तोंडाच्या टोकाला काळं नाक, ओव्हरकोटाचं मोठं बटण असतं ना, तसं. तू तेव्हाच नाव ठेवून मोकळा झालास. मी म्हटलं, दुकानात कुत्रा चालणार नाही, केस कपड्यांना लागतील. तुझी आई म्हणाली, चालणार नाही. तुझे बाबा म्हणाले, बघू. आणि तू कापायच्या टेबलाखाली त्याला घेऊन बसलास तो जेवायलाही बाहेर येईनास. मग जेवण खाली पाठवावं लागलं, दोघांचं. त्या टेबलाखालीच तुम्ही दोघं मोठे झालात. वर मी कोट कापायची आणि खाली तू त्याला पाढे शिकवायचास. सातच्या पाढ्यावर तो नेहमी जांभई द्यायचा. तूही द्यायचास. टेबलावर पाय ठेवायचे नाहीत, कापडाला तोंड लावायचं नाही, हे तूच त्याला शिकवलंस, आणि खरं सांगते, तू गेल्यावरही मागच्या आठवड्यापर्यंत त्याने ते कधी मोडलं नाही.

असो. तर पेटीत बसायची शिकवणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करायची नाही, जेवण आत ठेवा, दार उघडं ठेवा, आपणहून जाऊ दे. पठ्ठ्या काय करतो, पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, मान लांब करून वाडगा चाटूनपुसून साफ करतो आणि तसाच मागे सरकतो. गादी घातली तर दातांत धरून बाहेर ओढली आणि बाहेर तिच्यावर झोपला. मग मला वाटलं, याला करून दाखवायला हवं. गुडघे धरून मी खाली बसले, डोकं आत घातलं, मग खांदे, आणि गोड आवाजात सांगायला लागले की बघ, किती छान आहे, बघ, आजी बसली. तेवढ्यात दुकानात एक गृहस्थ पँट आखूड करायला आले. त्यांना दिसली ती एक पेटी, त्यातून बाहेर आलेलं माझं अर्धं अंग, आणि शेजारी शांतपणे बसलेला कुत्रा. ते इस्त्रीकाकूला म्हणाले, मी नंतर येतो. अजून आले नाहीत.

पण हळूहळू जमलं. आत जायला लागला, आत वळायला लागला, एकदा तर आत घोरला. फक्त दार उघडं पाहिजे. कडी लावली रे लावली की अंगात येतं त्याच्या. तो आवाज मी तुला लिहून सांगू शकत नाही. पोटातून येतो. एकदा सुतारकाकाच्या टेम्पोत पेटी ठेवून आम्ही विमानतळापर्यंत तालीम करून आलो. जाताना तो ओरडत होता, येताना तो आणि मी दोघंही. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायची. सुतारकाका प्रत्येकाला सांगत होता, चोरून नेत नाही, परदेशी चाललाय. घरी आल्यावर बटण्या माझ्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिला. रागावलासुद्धा नाही माझ्यावर. त्यापेक्षा चावला असता तर बरं वाटलं असतं.

त्याला दार लागण्याची भीती कशाने बसली, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही असावं. तुम्ही निघालात त्या सकाळी त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं, गाडीमागे धावू नये म्हणून. तू खिडकीतून त्याला सांगत होतास, सहा महिन्यांत तूही आमच्याकडे येशील, सहाच महिने. तुला तसंच सांगितलं होतं ना सगळ्यांनी! तुझे आईबाबा खोटं बोलत नव्हते, ठोंब्या. त्यांनाही तसंच वाटत होतं. पण पहिल्या घरात जनावरं चालत नव्हती, दुसरं घर एवढंसं, मग बाबांची नोकरी बदलली, आणि सहा महिन्यांची वर्षं झाली. आधी तू प्रत्येक फोनवर विचारायचास, बटण्या काय करतो. त्याच्या कानाला फोन लावायला सांगायचास. मग विचारणं कमी झालं. मग बंद झालं. आता मी त्याचं नाव काढलं की तू आईच्या हाती फोन देतोस आणि मला दार लागल्याचा आवाज येतो. मी पण काय म्हणणार होते, माझ्याकडेही 'बघू'शिवाय काही नव्हतं. पण यंदा तुमच्या घराला अंगण आलं, आईने मला कायमचं ये म्हटलं, आणि मी म्हटलं, येते, पण दोघं येऊ.

आता खरी गंमत सांगते. मागच्या आठवड्यात बाबांच्या ऑफिसातले ते टक्कलवाले काका सुट्टीवर आले आणि नेहमीप्रमाणे तुमच्या कपड्यांची पिशवी देऊन गेले. एवढी विमानं बदलून कपडे आजीकडे दुरुस्तीला पाठवणारं कुटुंब जगात दुसरं नसेल! बाबांची पँट, आईचा कोट, आणि तुझं निळं जाकीट, चेन तुटलेलं. तुझी आई घाईत असली की तिला धुतलं-न धुतलं काही कळत नाही. पिशवी उघडून मी सगळं कापायच्या टेबलावर ठेवलं. बटण्या खाली झोपला होता. एकदम उठला. उठून टेबलावर पुढचे दोन पाय ठेवले. मी ओरडणार होते, पण त्याचं तोंड बघून तोंड मिटलं. कोट बाजूला सारला, पँट बाजूला सारली, जाकीट बाहेर काढलं आणि त्यात नाक खुपसून उभा राहिला. किती वेळ, ते विचारू नकोस. शेपूटही हलवत नव्हता. मला वाटलं आता फाडणार. त्याने ते हळूच दातांत धरलं, पेटीपाशी गेला, आत गेला, दोनदा गोल फिरला आणि बाहीवर हनुवटी टेकून झोपला. मी भीत भीत दार लावलं. कडी घातली. त्याने मान वर केली नाही. मी शेजारच्या खोलीत गेले, मग रस्त्यावर गेले, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत आले तर साहेब घोरत होते! मी दुकानात एकटीच टाळ्या पिटल्या. शपथ, नाचलेसुद्धा थोडी. गुडघा अजून दुखतोय.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? मी डॉक्टरीणबाईंना ही बातमी सांगायला गेले आणि इस्त्रीकाकू दुकानात एकटी. आपल्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. दुरुस्त झालेला कपडा धुऊन, इस्त्री करूनच द्यायचा. मीच तिला हे इतकी वर्षं घोकून घेतलंय. तिने पेटीतून जाकीट काढलं, नवीन चेन बसवली, स्वच्छ धुतलं, कडक इस्त्री केली आणि घडी घालून फळीवर ठेवलं. मी आले तेव्हा बटण्या त्या घडीपुढे उभा होता. मी ती खाली घेऊन त्याच्यापुढे धरली. कॉलरपासून खालच्या पट्टीपर्यंत त्याने इंच न् इंच हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाखाली जाऊन बसला. इस्त्रीकाकूला कळलं तेव्हा ती हमसून हमसून रडली. मी तिला म्हटलं, अगं, तू नियम पाळलास, रडतेस काय, आणि मग आम्ही दोघीही रडलो. त्या दिवसापासून दार लावलं की पुन्हा तोच आवाज. माझी शाल घालून पाहिली, तुझ्या आईचा कोट घालून पाहिला. तो हुंगतो, बाजूला सारतो आणि रडतो.

त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे फोन केला होता. तुला दे म्हटलं. आईने फोनवर हात ठेवला, पण तुझा आवाज आता फुटलाय रे, तो हाताखाली झाकला जात नाही. तू म्हणालास, तो मला विसरला असेल आता, उगाच कशाला आणताय त्याला. मी ऐकलं. आईने सांगितलं की तू अभ्यासाला बसलायस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि त्या क्षणी मला कळलं की मला वाटत होतं तसा तू आमच्यावर रागावलेला नाहीस. तुला भीती वाटतेय. तो येईल, पेटीतून उतरेल, तुझ्या अंगावरून पुढे निघून जाईल, आणि तू तिथे सगळ्यांसमोर उभा राहशील. म्हणून तो आलाच नाही तर बरं, होय ना?

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते फक्त तुला. तुझी उंची वाढली, आवाज बदलला, साबण बदलला, देश बदलला. त्या जाकिटाला विमानाचा, पिशवीचा, आईच्या अत्तराचा वास लागला होता. तरी एवढ्या कपड्यांतून त्याने तुझाच उचलला. विसरला असता तर मला आज सगळं सोपं झालं असतं, कुठलीही चिंधी चालली असती. मला तुझा एक सदरा हवाय, ठोंब्या. न धुतलेला. चांगला खेळून, घामाघूम होऊन ये, काढ आणि तसाच पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. आईला त्याला हात लावू देऊ नकोस, बाबांना सांग पहिल्या कुरिअरने पाठवायला. फोनवर यायचं नसेल तर येऊ नकोस, उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण सदरा पाठव. दार लागल्यावर खाली अंधार असेल, इंजिनाचा आवाज असेल आणि मी वर खिडकीशी बसलेली असेन. मी हाक मारली तरी त्याला ऐकू जायची नाही. तिथे त्याच्याजवळ तू हवास.

पिशवीची वाट बघत दारात बसलेली, तुझीच
आजी